ऑफिसातलं झाड आणि खिडकीची दिशा

ऑफिसमधलं झाड सुकतंय म्हणून कुणी फोटो पाठवला की मी आधी पानं बघतच नाही, आधी विचारते की खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि झाड तिच्यापासून किती लांब ठेवलंय. बरेच जण वैतागतात, त्यांना औषधाचं नाव हवं असतं नाहीतर खताचं, आणि ही बाई दिशा काय विचारत बसलीय. पण खरं सांगते, ऑफिसमध्ये कुंडीतल्या मोठ्या झाडाचं जे काही बिघडतं त्यातलं बहुतेक उजेडापासून सुरू होतं आणि बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं, पाणी जास्त होणं, मुळं कुजणं, कीड लागणं, सगळंच.

मी ऐरोलीला एका काचेच्या बिल्डिंगमध्ये काम करते, ॲडमिनला, त्यामुळे खुर्च्या, पंचिंग मशीन, चहाचं बिल आणि झाडं हे सगळं माझ्याच टेबलावर येतं. आमच्याकडे रिसेप्शनच्या आतल्या बाजूला एक रबर प्लांट आहे, माझ्यापेक्षा उंच, आता फॉल्स सिलिंगला टेकलंय. त्याच्यावर माझा जीव आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहितीय. तर हे सगळं त्याच्याकडे बघून शिकलेलं आहे आणि थोडं वाचून, थोडं घोडबंदर रोडच्या नर्सरीवाल्या काकांना छळून.

रबर प्लांट म्हणजे फायकस इलॅस्टिका, आपल्या वड-पिंपळ-उंबराच्याच घराण्यातलं. पान तोडलं की पांढरा चीक येतो बघा, तो त्या घराण्याचाच. (टायरचं रबर मात्र ह्याचं नाही हं, ते हेविया नावाचं वेगळं झाड, केरळात लावतात ते.) आणि हे परदेशी शोभेचं झाड नाहीये, आपल्या ईशान्येकडचं आहे, मेघालयात लोक ह्याचीच मुळं ओढ्यावरून पलीकडे वळवून नेतात आणि वर्षानुवर्षं वाढवून त्यांचे चालायचे पूल करतात. एवढ्या ताकदीचं झाड आपण बारा इंची कुंडीत घालून झेरॉक्स मशीनच्या मागे कोपऱ्यात ठेवतो आणि म्हणतो की ते वाढत नाही. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

आता उजेडाचं. आपले डोळे इतके छान जुळवून घेतात की ऑफिसमध्ये आपल्याला लख्ख वाटतं, पण बाहेर भर दुपारी उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो आणि ऑफिसच्या टेबलावर असतो ३०० ते ५०० लक्स. कुठे एक लाख आणि कुठे पाचशे! खिडकीपाशी हजार-दोन हजार, कधी त्याहून जास्तही मिळतो, पण तिथून आत यायला लागलं की झपाट्याने उतरतो, सात-आठ फूट आत आलात की संपलंच. त्यात आपल्या ह्या आयटी पार्कांच्या काचा टिंटेड असतात, वर फिल्म लावलेली, म्हणजे बाहेरचा बराचसा उजेड काचेवरच अडतो. फोनमध्ये लक्स मीटरची फुकट ॲप मिळतात, अगदी अचूक नसतात पण दोन जागांमध्ये तुलना करायला पुरेशी आहेत, दुपारी बाराच्या सुमाराला पानाच्या उंचीवर फोन धरून बघा. तेही नको असेल तर पांढरा कागद झाडाच्या जागी धरा आणि वर फूटभर हात धरा, हाताची सावली कडक पडली तर उत्तम, पुसट पडली तर चालेल, पडलीच नाही तर तिथे रबर प्लांट, फायकस बेंजामिना, फिडल लीफ ह्यातलं काहीही ठेवू नका, तिथे झीझी किंवा स्नेक प्लांट ठेवा, ती बिचारी अंधारातही तग धरतात. तग धरतात म्हणजे वाढतात असं नाही, पण धरतात.

दिशेबद्दल मला एक गोष्ट फार आवडते ती सांगते. आपलं ठाणे-नवी मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मकरवृत्त आणि कर्कवृत्त ह्यांच्या मधल्या पट्ट्यात, त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी असे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. म्हणजे काय, तर पुस्तकात लिहिलेलं असतं ना की उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही, ते आपल्याकडे खरं नाही, मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन येतं. आणि डिसेंबरमध्ये उलट, दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४७ अंशांवर असतो म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत, दोन-तीन टेबलं ओलांडून येतं. त्यामुळे झाडाची जागा एकदा ठरवून दहा वर्षं तीच असं नसतं, वर्षातून दोनदा तरी बघायला लागतं की आता ऊन कुठे पडतंय.

ऐरोलीत पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला खाडी. खाडीकडचा व्ह्यू सगळ्यांना हवा असतो म्हणून मोठ्या केबिन त्या बाजूला असतात आणि मोठी झाडंही हौसेने त्याच केबिनमध्ये जातात, पण एप्रिल-मेमध्ये तिथे दुपारी तीन ते पाच काच हाताला चटका देते आणि काचेला चिकटलेली पानं भाजतात, तपकिरी डाग पडतात आणि ते डाग परत हिरवे होत नाहीत. माझं मत विचाराल तर पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी नुसता उजेड. आमचं झाड पूर्वेच्या काचेपासून तीनेक फुटांवर आहे आणि वर्षभर नवीन पानं काढतं, टोकाची ती लालसर गुंडाळी उलगडायला लागली की मी कामाच्या मधेच दोनदा जाऊन बघून येते.

आणि एक गोष्ट जी कुणाच्याच लक्षात येत नाही, ब्लाइंड्स! शुक्रवारी संध्याकाळी हाउसकीपिंगवाले सगळे ब्लाइंड्स खाली ओढून जातात, सोमवारी कुणीतरी उघडतं. म्हणजे आठवड्याचे दोन दिवस झाड अंधारात, वर लाइट बंद, एसी बंद, खोली गरम. त्यात गणपती, दिवाळीच्या सुट्ट्या धरा. आम्ही झाडापुरता एक ब्लाइंड कायम वर बांधून ठेवलाय आणि सिक्युरिटीच्या काकांना सांगून ठेवलंय की हा खाली घ्यायचा नाही. ह्याला पैसे पडत नाहीत, परवानगी लागत नाही आणि खतापेक्षा जास्त फरक पडतो. ज्यांच्याकडे खिडकीजवळ जागाच नाही त्यांनी साध्या पांढऱ्या एलईडीचा चांगला फोकस झाडावर लावावा, टायमरच्या प्लगवर, रोज दहा-बारा तास, शनिवार-रविवारसुद्धा. जांभळा लाइटच लागतो असं काही नाही.

आता पाणी. उजेड कमी म्हणजे झाड पाणी कमी पितं, इतकं सरळ आहे ते, पण ऑफिसमध्ये पाणी घालणारे हात खूप असतात. हाउसकीपिंगच्या मावशी सकाळी घालतात, कुणीतरी मीटिंगमधून उठताना बाटलीतलं उरलेलं ओततं, कुणी चहाचा कप रिकामा करतं. सगळे प्रेमानेच करतात. पण माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून वर पानं मलूल दिसतात, मग बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, आणि अजून पाणी. झाडं जातात ती अशी. चहाबद्दल तर हात जोडून सांगते, दूध-साखरेचा चहा कुंडीत ओतू नका, बुरशी येते, मुंग्या येतात आणि त्या बारीक काळ्या माश्या होतात ज्या मग सगळ्यांच्या मॉनिटरसमोर घोंघावतात. त्या माश्यांची अळी ओल्या मातीच्या वरच्या थरात असते, माती वरची दोन इंच नीट सुकू दिली की त्या आपोआप कमी होतात, स्प्रेची गरज पडत नाही.

म्हणून पाण्याचा वार ठरवू नका. "दर सोमवार-गुरुवार" असं कॅलेंडरवर लावणं सोपं आहे पण झाड कॅलेंडर बघत नाही, मार्चमध्ये चार दिवसांत सुकणारी माती जुलैमध्ये दहा दिवस ओली राहते. बोट दोन इंच खुपसून बघायचं, कुंडी खोल असेल तर कॅन्टीनमधली चायनीजबरोबर येणारी लाकडी काडी खाली घालायची, दहा मिनिटांनी काढायची, ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही. आणि द्यायचं तेव्हा मात्र पोटभर द्यायचं, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि मग बशीतलं पाणी ओतून टाकायचं. रोज कपभर दिलं तर वरचा थर ओला आणि खालची मुळं कोरडी असं विचित्र होऊन बसतं.

ऑफिसमध्ये अजून एक घात असतो तो म्हणजे बाहेरची शोभेची कुंडी. चकचकीत पांढरा प्लांटर असतो, त्याला खाली भोक नसतं, आत नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी असते, आणि दोन्हीच्या मधे पाणी साचतं जे वरून दिसतच नाही. नवीन झाड आलं की आधी आतली कुंडी उचलून बघा, आणि तळाशी दोन विटांचे तुकडे किंवा उलटी बशी ठेवून ती थोडी वर घ्या. वास आला तर समजायचं की आत पाणी साचलंय.

पाणी कुठलं? नळाचं चालतं, आमच्याकडे महापालिकेचं मोरबे धरणाचं येतं, त्याने कधी त्रास झालेला नाही. कूलरचं थंडगार नको, आणि आरओ मशीनचं बाहेर टाकलं जाणारं पाणी तर नकोच. हे मी मुद्दाम लिहितेय कारण पाणी वाचवायचं म्हणून बऱ्याच ऑफिसांत ते झाडांना घालतात, हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार जास्त असतात, कुंडीत ते साठत जातात, मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय येते आणि पानांची टोकं जळतात, ड्रासिनाची तर लगेच. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

आमच्या पाण्याचा प्रश्न सुटला तो माणसामुळे. झाडाची जबाबदारी एकाची हवी, सगळ्यांची असली की कुणाचीच नसते. आमच्याकडे ती मावशींची आहे, माझी नाही. मी कुंडीवर चिठ्ठी लावली, "पाणी फक्त मावशी घालतील", आणि मावशींना एकदा काडीचं दाखवलं. त्या मूळच्या जुन्नरकडच्या, शेतातलं सगळं माहीत असलेल्या, मला म्हणाल्या "अहो ताई, काडी कशाला, मातीचा रंग बघा ना, उतरलाय कुठे अजून." आणि खरंच, त्यांना लांबून कळतं. रंग उतरणं म्हणजे ओली काळपट माती सुकून फिकी होणं. आता मी त्यांना विचारते, "मावशी, आज?" आणि त्या म्हणतात "परवा." विषय संपला.

पावसाळा ऑफिसच्या झाडाला सगळ्यात अवघड जातो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. बाहेर सगळं हिरवंगार आणि आत पानगळ, असं कसं? जून ते सप्टेंबर ढगांमुळे आधीच कमी असलेला उजेड अजून कमी होतो, माती वाळत नाही, आणि एसी मात्र चालूच, म्हणजे हवा कोरडी आणि मुळं ओली. ह्या महिन्यांत पाणी निम्म्यावर आणा, खत बंद ठेवलं तरी चालेल.

एसीबद्दल थोडक्यात सांगते. थंडी ही अडचण नाही, २४-२५ अंशांत ही झाडं मजेत असतात, अडचण आहे ती अंगावर येणाऱ्या झोताची. वर डिफ्युझर, म्हणजे एसीची हवा बाहेर येते ती जाळी, कुठे आहे ते बघा, झाडाच्या एकाच बाजूच्या पानांच्या कडा वाळत असतील तर झोत तिकडून येतोय, कुंडी दोन-तीन फूट सरकवा. पण फायकस बेंजामिना असेल, ती बारीक लोंबत्या पानांची, तर सारखी सरकवू नका, तिला जागा बदललेली अजिबात आवडत नाही, जागा बदलली की भराभर पानं टाकते आणि लोक घाबरून परत हलवतात, मग परत टाकते. एकदा चांगली जागा बघून ठेवा आणि महिना-दोन महिने धीर धरा, नवीन पानं येतात. कोरड्या हवेत लाल कोळी लागतो, पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले की पांढरा टिश्यू पानाच्या खालून फिरवा, लालसर रेघा उठल्या तर तोच. पाण्याचे फवारे मारून हवेतला ओलावा वाढत नाही, दहा मिनिटांत होता तसा होतो, त्यापेक्षा ओल्या कपड्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. धूळ जाते, उजेड पानापर्यंत पोचतो आणि पुसताना कीड वेळेत दिसते, एका कामात तीन कामं. महापे-रबाळे एमआयडीसीची धूळ असो नाहीतर घोडबंदरच्या मेट्रोच्या कामाची, काच बंद असली तरी आत येतेच. पानं चमकवायला दूध, खोबरेल तेल, लीफ शाइन असलं काही लावू नका, त्यावर धूळ अजून घट्ट बसते.

पिठ्या ढेकूण, म्हणजे तो कापसासारखा पांढरा मिलीबग, पानाच्या बेचक्यात बसतो. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा. जास्त असतील तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड साबण, आठवड्याने परत एकदा. हे शुक्रवारी सगळे गेल्यावर करा, वास उग्र असतो, सोमवारपर्यंत जातो.

माती. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये झाड लाल मातीत येतं, ती बाहेर पावसात ठीक आहे, ऑफिसमध्ये वाळली की विटेसारखी होते, पाणी कडेने सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच. मी नर्सरीवाल्या काकांकडून एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि थोडी जाडसर रेती किंवा परलाइट असं मिक्स करून घेते, मूठभर निंबोळी पेंड वर. कुंडी बदलायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आधीपेक्षा दोनच इंच मोठी, एकदम मोठा ड्रम आणला तर मुळं नसलेली माती ओलीच राहते. खताचं म्हणाल तर १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेली) पुडी मिळते, लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, मार्च ते मे आणि परत ऑक्टोबर. कमी उजेडात खत वाढवून झाड वाढत नाही, क्षार तेवढे वाढतात.

लोक म्हणतात झाडं ऑफिसची हवा शुद्ध करतात. ते १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून आलंय, पण तो प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले आणि निघालं असं की खोलीत नेहमी जी हवा आत-बाहेर होते तिची बरोबरी करायला एका चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. तेवढ्या कुठून आणणार? मला झाड ठेवायला असलं कारण लागतही नाही. दिवसभर स्क्रीनकडे बघून मान वर केली की समोर काहीतरी जिवंत असावं, मला ते पुरतं.

आणि मॉलमध्ये, मोठ्या कंपन्यांच्या लॉबीत झाडं कायम टवटवीत दिसतात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्यातली बरीच भाड्याची असतात, ठरावीक दिवसांनी गाडी येते, दमलेली झाडं नर्सरीत जातात आणि ताजी येतात. तुमच्याकडे भाड्याची असतील तर निदान ती परत कुठे ठेवतात, सावरतात की फेकतात, एवढं विचारून घ्या.

आता आमचं झाड सिलिंगला टेकलंय तर ह्या पावसाळ्यात गुटी बांधणार आहे, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटवून तिचं नवीन झाड करायचं. शेंड्यापासून फूट-दीड फूट खाली, दोन पेरांच्या मधे, इंचभर रुंदीची साल गोल काढायची, चीक पुसून घ्यायचा (हातमोजे घाला, चिकाने खाज येते, आणि खाली पेपर घाला, कार्पेटचा डाग जात नाही), थोडी रूटिंग पावडर लावून ओलं स्पॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) गुंडाळायचं, वर पारदर्शक प्लास्टिक आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. महिना-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात, चांगली भरली की त्याच्या खाली कापायचं आणि कुंडीत लावायचं. खालच्या खोडाला मग कापल्याच्या जागेखालून नवीन फुटवे येतात, झाड बुटकं आणि भरगच्च होतं. एक मात्र, ते नवीन झाड सोसायटीच्या भिंतीलगत जमिनीत लावायचा मोह टाळा, वडाच्या घराण्यातली मुळं आहेत ती, कंपाउंड वॉल आणि ड्रेनेज दोन्ही फोडतात.

दोन गुट्या बांधतेय, एक शेंड्याला, एक बाजूच्या फांदीला. पहिली मावशींची, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. दुसरी अजून कुणाला कबूल केलेली नाही, ठाणे-ऐरोलीकडे कुणाला हवी असेल तर कळवा, कुंडी तुमची आणा, माती मी देते.